पोस्ट-डॉक्टरल संशोधनपद (राज्यशास्त्र)

पीएच.डी. मिळाल्यानंतर आणि कायम अध्यापकपद मिळण्याआधी, ठरावीक मुदतीसाठी दिले जाणारे सवेतन संशोधनपद. बोलताना या पदाला आणि पदावरच्या व्यक्तीला, दोघांनाही ‘पोस्टडॉक’ म्हणतात. मुदत बहुधा एक ते तीन वर्षांची असते. पोस्टडॉक विद्यार्थी नसतो, कारण पदवी हाती आलेली असते. तो विभागाचा कायम सदस्यही नसतो. मुदत संपली की ग्रंथालयाचे ओळखपत्र आणि खोलीची किल्ली परत करावी लागते.

राज्यशास्त्रात या पदाचे दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात संशोधक स्वतःचा विषय घेऊन येतो आणि संस्था त्याला पैसा, टेबल व मोकळा वेळ देते. ऑक्सफर्डच्या नफील्ड कॉलेजातील किंवा ब्रिटिश अकॅडमीच्या अधिछात्रवृत्त्या या जातीच्या. दुसऱ्या प्रकारात एखाद्या प्राध्यापकाला मोठे अनुदान मिळालेले असते आणि त्या प्रकल्पावर माणूस नेमला जातो. विषय आधीच ठरलेला असतो. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठातला ‘व्ही-डेम’ हा जगभरच्या लोकशाहीचे १७८९ पासूनचे मोजमाप करणारा प्रकल्प याचे उदाहरण. अशा प्रकल्पांत माहितीसंच तपासणे, आकडेमोड करणे आणि पाच-सहा जणांनी मिळून निबंध लिहिणे यात बराच काळ जातो. पगार दुसऱ्या प्रकारात अधिक नियमित असतो, पण पुढच्या मुलाखतीत ‘यातले तुमचे काम कोणते?’ हा प्रश्न हमखास येतो. जाहिरातीत दोन्हींना एकच नाव असते. खालचा मजकूर नीट वाचल्याशिवाय फरक कळत नाही.

ही पद्धत मुळात प्रयोगशाळांची. अमेरिकेत रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशातून १९१९ मध्ये पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्रासाठी अशा वृत्त्या सुरू झाल्या. शिकागो विद्यापीठातले राज्यशास्त्रज्ञ चार्ल्स मेरियम यांच्या पुढाकाराने १९२३ मध्ये ‘सोशल सायन्स रिसर्च कौन्सिल’ ही संस्था उभी राहिली आणि रॉकफेलर घराण्याच्याच एका निधीच्या बळावर सामाजिक शास्त्रांतही तशा वृत्त्या आल्या. राज्यशास्त्राला विज्ञानाच्या पंगतीत बसवायचे, ही मेरियम यांची धडपड होती. तरीही पुढे कित्येक दशके राज्यशास्त्रातला होतकरू तरुण प्रबंध संपवून थेट अध्यापकपदावर जाई. अध्यापकांच्या जागा आक्रसू लागल्या आणि पीएच.डी. झालेल्यांची रांग वाढली, तेव्हा हा मधला मुक्काम सर्रास झाला.

जर्मनीत या मधल्या काळाची व्यवस्था वेगळी होती आणि तिचे वर्णन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी म्युनिकमध्ये नोव्हेंबर १९१७ मध्ये दिलेल्या व्याख्यानात सापडते. तिथला ‘प्रिव्हाटडोत्सेंट’ विद्यापीठात शिकवी, पण त्याला पगार नसे. विद्यार्थी देतील त्या शुल्कावर त्याने भागवायचे. याउलट अमेरिकेतल्या साहाय्यकाला सुरुवातीपासून पगार मिळे, मात्र तो तुटपुंजा असे आणि नोकरी केव्हाही जाऊ शके. म्हणजे जर्मन वाट घरची शेती-इस्टेट असणाऱ्यांनाच परवडणारी, तर अमेरिकन वाट हुकमाच्या ताबेदाराची. या धंद्यात वर जाणे बव्हंशी नशिबावर असते, हेही वेबर यांनी श्रोत्यांपासून लपवले नाही. आजचा पोस्टडॉक या दोन्ही वाटांच्या सांध्यावर उभा आहे: पगार मिळतो, स्वातंत्र्यही बऱ्यापैकी असते, नशिबाचा भाग मात्र तसाच राहिला आहे.

वेबर यांचेच नाव दिलेला एक कार्यक्रम इटलीत फ्लॉरेन्सजवळ, फिएसोलेच्या टेकडीवरच्या युरोपियन युनिव्हर्सिटी इन्स्टिट्यूटमध्ये २००६ पासून चालतो. त्याचे पहिले संचालक अर्थशास्त्रज्ञ रामोन मारिमोन. त्यांच्यानंतर राजकीय सिद्धान्तकार रिचर्ड बेलामी आले. राज्यशास्त्र व समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास आणि कायदा अशा शाखांतले तरुण पीएच.डी.धारक इथे एकत्र काम करतात. संशोधनाच्या जोडीला अध्यापनाचा सराव, लेखनाची तालीम आणि नोकरीच्या मुलाखतींची रंगीत तालीमही होते. इतिहासकाराला अर्थशास्त्रज्ञासमोर आपला मुद्दा पटवावा लागतो, हा यातला कमी बोलला जाणारा, पण खरा फायदा.

राज्यशास्त्रात या काळातले मुख्य काम म्हणजे प्रबंधाचे पुस्तक करणे. तौलनिक राजकारण आणि राजकीय सिद्धान्त या शाखांत अजूनही पुस्तकाला वजन आहे. निवडणुकांचा सांख्यिकी अभ्यास करणाऱ्यांचे मात्र नियतकालिकांतल्या निबंधांवर भागते. प्रबंध परीक्षकांसाठी लिहिलेला असतो. त्यात प्रत्येक विधानाला आधार देण्याची धास्ती असते आणि आधीच्या अभ्यासकांचा आढावाच एक प्रकरण अडवून बसतो. पुस्तकात ते प्रकरण बहुधा जाते आणि मूळ युक्तिवाद पहिल्या पंधरा-वीस पानांत मांडावा लागतो. अमेरिकेतली काही केंद्रे यासाठी हस्तलिखिताची कार्यशाळा भरवतात. बाहेरून दोन-तीन नामवंत अभ्यासक येतात. त्यांनी सगळे हस्तलिखित आधीच वाचलेले असते आणि दिवसभर ते एकेक प्रकरण सोलून काढतात. लेखकाने उत्तरे देत बसायचे नसते. ऐकायचे आणि लिहून घ्यायचे असते. संध्याकाळी हाती आलेल्या त्या टिपणांवर पुढचे सहा महिने जातात. पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेपेक्षा ही परीक्षा कडक असते, कारण इथे कोणी कोणाला उत्तीर्ण करायचे नसते.

अर्जासोबत संशोधनाचा आराखडा, लेखनाचा नमुना आणि दोन-तीन शिफारसपत्रे मागतात. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी वृत्तीची आणखी एक अट आहे: ज्या देशात जायचे, तिथे अर्जदाराने मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक काळ राहिलेले वा काम केलेले नसावे. विचारांची देवाणघेवाण वाढावी, हा हेतू स्तुत्य. पण दर दोन वर्षांनी नव्या देशात बिऱ्हाड मांडणाऱ्या, लहान मुले असलेल्या जोडप्याला ही अट वेगळीच दिसते. जर्मनीत २००७ च्या कायद्याने विद्यापीठांतल्या मुदतबंद नेमणुकांना सर्वसाधारणपणे पीएच.डी.आधी सहा आणि नंतर सहा वर्षांची मर्यादा घातली. शिक्षण मंत्रालयाच्या एका चित्रफितीत हाना नावाच्या काल्पनिक संशोधिकेच्या उदाहरणाने ही व्यवस्था समजावली होती, कायम नेमणुकांनी यंत्रणा तुंबू नये असा तिचा सूर होता. २०२१ मध्ये त्यावर ‘मीच हाना’ म्हणत हजारो संशोधकांनी समाजमाध्यमांवर आपल्या करारांच्या कहाण्या मांडल्या आणि मंत्रालयाला ती चित्रफीत मागे घ्यावी लागली.

भारतात सामाजिक शास्त्रांतली जुनी वाट भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या परिषदेच्या घडणीत दोन मराठी माणसांचा मोठा वाटा आहे: पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ आणि संस्थापक सदस्य-सचिव जे. पी. नाईक. परिषदेची पोस्ट-डॉक्टरल अधिछात्रवृत्ती दोन वर्षांची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या शिक्षकदिनी डॉ. राधाकृष्णन यांच्या नावाची वृत्ती जाहीर केली, तेव्हा तिच्या ९०० जागा होत्या, त्यांपैकी ३० टक्के महिलांसाठी. दरमहा ५०,००० रुपये आणि आनुषंगिक खर्चासाठी वर्षाला ५०,००० रुपये. या जागा सगळ्या विद्याशाखांत वाटल्या जातात, हे ध्यानात घेतले की राज्यशास्त्राच्या वाट्याला किती येणार याचा अंदाज करता येतो.

महाराष्ट्रात बार्टी आणि सारथी या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांचा भर पीएच.डी.वर आहे, तिथून पुढचा टप्पा उघडाच राहतो. राज्यशास्त्रात पीएच.डी. झालेली, सेट-नेट उत्तीर्ण असलेली कितीतरी मुले-मुली हा काळ महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, शिकवण्यात घालवतात. तासांचे पैसे मिळतात, संशोधनाचे नाहीत. मे महिन्यात वर्ग नसतात, तेव्हा पैसेही नसतात. वेबर यांचा प्रिव्हाटडोत्सेंट इथे नांदेड-सोलापुरात भेटतो, असे म्हणायला हरकत नाही.

सहायक प्राध्यापकपदाच्या अर्जांची छाननी करताना विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम अध्यापनाच्या वा पोस्ट-डॉक्टरल अनुभवाच्या दर वर्षाला २ गुण देतात, जास्तीत जास्त १०. हे गुण मुलाखतीला कोणाला बोलवायचे यासाठीच धरायचे. अंतिम निवड त्या विनियमांनुसार फक्त मुलाखतीवर होते.