वेस्ट पॉइंट, ९ नोव्हेंबर १९१२

कोटाची कॉलर वर ओढा, हडसनवरून येणारा वारा बोचरा आहे. करड्या गणवेशातल्या कॅडेटांच्या गर्दीत तुम्हाला कशीबशी जागा मिळाली आहे. अमेरिकी सेनेचे उद्याचे अधिकारी हे. आणि मैदानात उतरताहेत कार्लाईलची मुलं.

इथला फुटबॉल पायांपेक्षा हातांचा. लांबट चेंडू छातीशी कवटाळून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर झेपावून लोळवायचं. यंदा नियम बदललेत: टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेण्याला, पाचाऐवजी सहा गुण, दहा यार्ड पुढे सरकायला तीनऐवजी चार संधी.

कार्लाईल खरं तर कॉलेज नव्हेच. पेनसिल्व्हेनियातल्या लष्कराच्या जुन्या बराकींत रिचर्ड हेन्री प्रॅट या अधिकाऱ्यानं १८७९ साली काढलेली ती निवासी शाळा. मूळनिवासी जमातींची मुलं दूरदूरच्या वस्त्यांवरून तिथं आणायची, केस कापायचे, नावं बदलायची, आईची भाषा बोलू द्यायची नाही. वुंडेड नीला याच सेनेनं केलेल्या मूळनिवासींच्या कत्तलीला जेमतेम बावीस वर्षं झालीत. समोर कोण उभं आहे, हे या मुलांना कुणी सांगायला नको.

जिम थॉर्पला शोधताय ना? तोच तो, रुंद खांद्यांचा. सॅक आणि फॉक्स जमातीचा हा तरुण याच उन्हाळ्यात स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमधून पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉनची सुवर्णपदकं घेऊन आला. त्याला आडवं करायला धडपडणाऱ्या कॅडेटांत बावीस वर्षांचा ड्वाइट आयझेनहॉवरही आहे. तो पुढे राष्ट्राध्यक्ष होणार, हे इथं फक्त तुम्हाला ठाऊक.

पहिले सहा गुण आर्मीचे, म्हणजे वेस्ट पॉइंटच्या संघाचे. कॅडेटांच्या आरोळ्यांनी कान बधिर होतात. पण कार्लाईलचे प्रशिक्षक वॉर्नर गुरुजींनी मुलांना एक नवी रचना शिकवली आहे: दोन्ही टोकांना एकेक गडी थोडा मागे, बाहेरच्या अंगाला. चेंडू कुणाच्या हाती आहे तेच आर्मीला उमगत नाही. सगळे थॉर्पवर धावून जातात, तोवर त्याचा साथीदार आर्कासा भलतीकडून निसटलेला असतो. मध्यंतराला ७-६, कार्लाईल पुढे.

मग आर्मीचा तोल सुटतो. कर्णधार डेव्होर कार्लाईलच्या गायनवर हात उगारतो आणि पंच त्याला बाहेर काढतात. कार्लाईलची मुलं मात्र शिस्तीत, वेगात खेळत राहतात. आर्कासाचे तीन टचडाउन होतात. शेवटी २७-६. एकट्या थॉर्पच्या नावावर हा सामना टाकणं अन्याय आहे; तो अकरा जणांच्या डोक्यानं जिंकलेला सामना आहे.

आठवड्याभरात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून ते ३४-२६ असे हरतील. मोसमातला तेवढाच पराभव. बारा विजय, एक बरोबरी. १९१३ साली थॉर्पची पदकं काढून घेतली जातील, कारण पूर्वी त्यानं किरकोळ पैसे घेऊन बेसबॉल खेळलेला. दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा नोंदवायला २०२२ उजाडेल.

कार्लाईलची शाळा १९१८ साली बंद पडली. बराकी परत सेनेकडे गेल्या. आज तिथं आर्मी वॉर कॉलेज आहे, आणि घरी परत न गेलेल्या विद्यार्थ्यांची दफनभूमी.