दुकानदाराचा सातवा दिवस

दुकानदाराच्या वेळेवर एके काळी कायद्याचा अंमल असे. मुंबई इलाख्यात १९३९ साली दुकानांविषयीचा कायदा झाला; १९४८ साली त्याच्या जागी नवा आला. काही धंदे वगळता दुकाने ठरल्या वेळी बंद होत व आठवड्यातून एक दिवस उघडत नसत. गिऱ्हाईक जाते म्हणून आमचे वडीलधारे कुरकुरत. परंतु शेजारचेही दुकान बंदच असे. त्या दिवशी राहिलेला जमाखर्च लिहून होई, मुलांचा अभ्यास पाहता येई. २०१७ च्या कायद्याने वर्षाचे सर्व दिवस दुकान उघडे ठेवण्याची मुभा दिली. नोकराची साप्ताहिक सुटी कायम राहिली. मालकाची मात्र त्याच्याच हाती आली. ज्ञातिबांधवहो, सातव्या दिवशी दुकानाला कुलूप आता आपणच लावावयास हवे.