ज्यूदोतील श्रेणी व पट्टे

ज्यूदो या जपानी कुस्तीप्रकारात शिकणाऱ्याची प्रगती ठरविण्याची व ती कमरेच्या पट्ट्याच्या रंगाने दर्शविण्याची पद्धती. कनिष्ठ श्रेणीस ‘क्यू’ व वरिष्ठ श्रेणीस ‘दान’ म्हणतात. ज्यूदोचे प्रवर्तक जिगोरो कानो (१८६०–१९३८) यांनी १८८२ मध्ये तोक्यो येथील एइशोजी मंदिरात बारा चटयांच्या खोलीत कोदोकान ही संस्था स्थापन केली. तत्पूर्वी जुजुत्सूच्या घराण्यांत शिष्याला गुरूच्या हातून परवान्याची गुंडाळी मिळे. पण दोन परवान्यांमधील काळ इतका दीर्घ असे की, होतकरू शिष्याचाही उत्साह मावळे. कानो हे पेशाने शिक्षक होते. त्यांनी ‘गो’ या पटावरील खेळातील ‘दान’ ही कल्पना स्वीकारून शिक्षणाचे लहान टप्पे पाडले. १८८३ मध्ये शिरो साइगो व त्सुनेजिरो तोमिता यांना पहिला दान मिळाला. काळा पट्टा त्यानंतर काही वर्षांनी रूढ झाला. क्यू श्रेणींचे नाना रंग मात्र यूरोपात रुजले. पॅरिसमध्ये १९३५ पासून शिकविणारे मिकिनोसुके कावाइशी यांनी पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा व तपकिरी हा क्रम लोकप्रिय केला.

नवशिक्यास प्रथम पडावयास शिकवितात. हनुवटी छातीशी घेऊन, हाताने चटईवर आघात करीत निर्धास्तपणे पडता आल्याखेरीज त्याला फेकीचे डाव देत नाहीत. कोदोकानने १८९५ मध्ये फेकींची पाच गटांत विभागणी केली व १९२० मध्ये ती सुधारून प्रत्येक गटात आठ याप्रमाणे चाळीस फेकी ठेवल्या. प्रत्येक फेकीची तीन अंगे मानतात : प्रतिस्पर्ध्याचा तोल ढळविणे, आपले शरीर योग्य जागी आणणे आणि प्रत्यक्ष फेक. परीक्षकाची नजर मुख्यतः पहिल्या अंगावर असते. बाहूंच्या बळावर खेचून पाडलेला जोडीदार पडतो खरा. परंतु तेथे डाव साधला असे जाणकार मानीत नाहीत. डावांची नावे पाठ असणे ही तर अगदीच गौण बाब होय. ठराविक क्रमाने करावयाचे ‘काता’ आणि मुक्त सराव म्हणजे ‘रांदोरी’ या दोहोंत विद्यार्थी कसा वागतो, हे पाहून पुढील पट्ट्याचा निर्णय होतो.

परीक्षा आणि स्पर्धा यांचा मेळ नेहमीच बसतो असे नाही. पहिल्या दानासाठी सामान्यतः आवश्यक असलेल्या ‘नागे-नो-काता’ मध्ये पंधरा फेकी असून त्या उजव्या व डाव्या अशा दोन्ही बाजूंनी कराव्या लागतात. त्यांतील ‘काता-गुरुमा’ हा आपल्याकडील कलाजंगाशी जुळणारा डाव. कानो यांनी तो पाश्चात्त्य कुस्तीवरील पुस्तकावरून बसविला. २०१० नंतरच्या नियमांनी पायांना हात घालणे निषिद्ध ठरल्याने हा डाव मूळ रूपात स्पर्धेत करता येत नाही, पण कात्यात तो टिकून आहे. श्रेणी देताना अन्यायही झालेला आहे. कानो यांच्या गुरूंची नात केइको फुकुदा (१९१३–२०१३) यांना १९५३ मध्ये पाचवा दान मिळाला. स्त्रियांना त्यापुढे बढती नसल्याने १९७२ पर्यंत त्यांना तेथेच थांबावे लागले. कोदोकानने त्यांना नववा दान दिला तो २००६ मध्ये, वयाची नव्वदी उलटल्यावर.

भारतात रवींद्रनाथ टागोरांनी शांतिनिकेतनात जपानी शिक्षक आणले. १९०५ मध्ये जिन्नोसुके सानो व १९२९ मध्ये शिंझो ताकागाकी. पुढे १९८६ च्या सेऊल आशियाई क्रीडासामन्यांत भारताने ज्यूदोत चार कांस्यपदके मिळविली. मुंबईचे कावस बिलिमोरिया १९९२ च्या बार्सेलोना ऑलिंपिकमध्ये उतरले होते.

महाराष्ट्रात ज्यूदोची गाठ पडते ती जुन्या मल्लविद्येशी. बीड जिल्ह्यातील पाटोदा येथील राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत ५७ किग्रॅ. गटात सुवर्णपदक व २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किग्रॅ. गटात कांस्यपदक मिळविले, ते कुस्तीत. कुस्तीला पट्टा नाही. पण पायऱ्या आहेत. जत्रेच्या फडात प्रथम पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात, मग इनामाची रक्कम चढत जाते व शेवटी मानाची कुस्ती होते. कोणाची जोड कोणाशी लावावयाची हे वस्ताद व पंच ठरवितात. म्हणजे श्रेणी तेथेही माणसाच्या पारखीवरच उभी आहे, फक्त ती चारचौघांत, एका निकालात पुसली जाऊ शकते. कोदोकानच्या लाल-पांढऱ्या सामन्यांतही जिंकणारा उभा राहून पुढच्यास सामोरा जातो आणि पुरेसे प्रतिस्पर्धी पाडल्यास त्याला तेथेच बढती मिळते. हे सामने फडाच्या बरेच जवळचे आहेत.

तालमीतून ज्यूदोकडे वळणाऱ्या मुलाची कंबर व पकड तयार असते. ढाक, धोबीपछाड यांसारख्या डावांमुळे कंबरेवरील व खांद्यावरील फेकी त्याला लवकर उमगतात. तरीही त्याला पांढऱ्या पट्ट्यापासूनच आरंभ करावा लागतो. उघड्या अंगाऐवजी जाड अंगरख्याची गळपट्टी व बाही धरावयाची असते, पट काढण्याची सवय मोडावी लागते आणि सर्वांत जड जाते ते सरावात वारंवार, विनातक्रार पाठीवर पडणे. कारण मातीत पाठ लागणे म्हणजे हार, असे त्याने लहानपणापासून ऐकलेले असते.