नाशकात उतरायचे कुठे?

नातू म्हणाला, "आजोबा, गंगापूर रोडलाच उतरू, वाइनरी जवळ." ते वाइनचे नाशिक २००० नंतरचे. पूर्वी यात्रेकरू जागा निवडत नसे. तीर्थोपाध्यायांच्या वहीत घराण्याची नावे असत. गाव, जात सांगितली की उतरायचे घर ठरले. सोयच ती, पण सगळ्यांची नव्हे. ज्यांना देवळाचा उंबरठाही बंद होता, त्यांनी २ मार्च १९३० रोजी पंचवटीत काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह मांडला. डॉ. आंबेडकर, दादासाहेब गायकवाड पुढे होते. पाच वर्षे लढा चालला, दरवाजे काही उघडले नाहीत. शाळेत हे मी दोन ओळींत उरकायचो. असो. मी पंचवटीच म्हटले. पहाटे त्या दरवाजापाशी जाऊ, द्राक्षे दुपारी पाहू.