सफरचंदातली अळी आणि पाच लाख रेशीमपतंग



चातुर्मासात बोरं, पेरू, अंजीर आपण उजेडात धरून, चिरून, शोधूनच घेतो. पण 'वॉशिंग्टन' असा स्टिकर लावलेलं सफरचंद चिरलं की त्यात अळी निघाल्याचं मला आठवत नाही. झाडावरचं फळ, आणि त्याला कीड नाही? मग ती कीड गेली कुठे? या प्रश्नाच्या मागे लागून मी बरंच वाचलं. बी.कॉम. झाल्याला चाळीसवर वर्षं उलटली तरी जमाखर्च मांडायची सवय जात नाही. तेव्हा हा इतिहास मी वहीत मांडावा तसाच मांडते आहे. कृत, कारित आणि अनुमोदित असा तिन्ही प्रकारे आपल्याला दोष लागतो, हे आपण पाठशाळेत शिकलो. फळ विकत घेणारीचं नाव या खात्यात कुठेतरी येतंच.

सफरचंदाच्या या शत्रूचं नाव कॉडलिंग पतंग. नखाएवढा, राखाडी, पंखांच्या टोकाला तांबूस तपकिरी ठिपका. मादी पानावर किंवा फळावर एकेक अंडं घालते. अळी साल पोखरून थेट गाभ्यात जाते, कारण तिला गर नको असतो, बिया हव्या असतात. मूळचा हा युरोप आणि मध्य आशियाकडचा जीव. अठराव्या शतकात वसाहतवाल्यांच्या फळांबरोबर अमेरिकेत पोचला आणि पुढे पश्चिमेला वॉशिंग्टन राज्यातल्या कोरड्या, पाटपाण्यावरच्या बागांत सुखाने नांदला. (भारतात तो लडाखमध्ये आहे.)

त्याच्यावर पहिला मोठा इलाज होता विषाचा. 1890 च्या दशकात शिशाचं आर्सेनेट आलं, म्हणजे शिसं आणि सोमल एकत्र. एका हंगामात ते पुन्हा पुन्हा फवारायचे. 1925 मध्ये इंग्लंडमध्ये अमेरिकन सफरचंदांवर सोमल सापडला आणि मोठा गवगवा झाला. त्यानंतर बागायतदार काय करू लागले, तर फळं पेटीत भरण्यापूर्वी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात धुऊ लागले! आपण संडास धुवायला जे आम्ल वापरतो त्याच जातीचं. फळावरचं विष त्याने उतरलं, पण जमिनीत गेलेलं राहिलं. तिथल्या जुन्या बागांच्या मातीत शिसं आणि सोमल अजून आहे, आणि त्यातल्या कित्येक जागांवर आता घरं आणि शाळा उभ्या आहेत.

मग डीडीटी. पॉल म्युलर यांनी 1939 मध्ये त्याचा कीटकनाशक गुण शोधला, 1948 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. महायुद्ध संपल्यावर ते बागांत आलं. अळी मरायची, पण तिच्याबरोबर कोळी खाणारे मित्रकीटकही मरायचे, मग पानांवर लाल कोळी माजायचा आणि त्याच्यासाठी आणखी एक औषध लागायचं. काही वर्षांतच पतंग डीडीटी पचवू लागला. त्यानंतर अॅझिनफॉस-मिथाईल नावाचं उग्र औषध आलं आणि चाळीस वर्षांहून जास्त काळ तेच चाललं. किती जीव गेले याचा आकडा कुणीच ठेवलेला नाही. माझ्या वहीत खर्चाचं हे पान म्हणूनच कोरं आहे. कोरं म्हणजे शून्य नव्हे.

आता याच्याशी काही संबंध नाही असं वाटेल अशी एक गोष्ट सांगते.

फ्रान्सच्या दक्षिणेला सेरिन्यां नावाच्या गावात झां-आंरी फाब्र नावाचे कीटकांचे अभ्यासक राहत. एका मे महिन्यात सकाळी त्यांच्या घरात 'मोठा मोर' जातीच्या पतंगाची मादी कोशातून बाहेर आली. त्यांनी तिला जाळीखाली ठेवलं. रात्री घरभर मोठमोठे पतंग फडफडू लागले, चाळीसेक नर, अंधारातून, वाऱ्यातून त्या एका मादीसाठी आलेले. फाब्र यांनी मग बारीकसारीक करून पाहिलं. मादी काचेखाली घट्ट झाकली तर कुणी येत नाही, जाळीखाली ठेवली तर येतात. आपण कपाटात टाकतो त्या नॅफ्थलिनच्या बश्या भोवती मांडल्या, तरी नर आलेच. दुसऱ्या एका जातीची मादी त्यांनी उजेडात, काचेच्या झाकणाखाली, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. नर तिच्या जवळून गेले आणि आदल्या रात्री ती जिथे बसली होती त्या रिकाम्या जागेवर जाऊन घुटमळले.

हे वाचून मी जरा थांबले. हत्ती स्पर्शापायी, मासा रसनेपायी, भुंगा गंधापायी, पतंग रूपापायी आणि हरीण शब्दापायी नाश पावतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. दिव्यावर झेपावणारा पतंग आपल्या डोळ्यांसमोर असतो. पण पतंग चतुरिंद्रिय आहे, डोळ्यांआधीचं घ्राणेंद्रियही त्याच्याकडे आहे, आणि संसार थाटायची वेळ आली की तो त्याच्याच मागे जातो. समोर बसलेली मादी त्याला दिसत नाही, कालचा वास मात्र कळतो.

तो वास म्हणजे नेमका कोणता पदार्थ, हे शोधायला पन्नासएक वर्षं गेली. जर्मनीतले अडॉल्फ बुटेनांट यांनी, आधी बर्लिन, मग ट्युबिंगेन, मग म्युनिक असं करत, सुमारे वीस वर्षं त्यावर घालवली. त्यांनी रेशमाचा पतंग निवडला, कारण तो हवा तेवढा पोसता येतो. माद्यांच्या पोटाच्या टोकाची ग्रंथी काढायची, तिचा अर्क करायचा, काडीवर घेऊन नरापुढे धरायचा. नर पंख फडफडवू लागला की समजायचं, यात ते आहे. 1959 मध्ये शुद्ध पदार्थ हाती आला, अवघे काही मिलीग्रॅम. त्याचं नाव बॉम्बिकॉल. अशा पदार्थांसाठी 'फेरोमोन' हा शब्दही त्याच वर्षी रूढ झाला. आपल्या कृषी खात्याने त्याला 'कामगंध' म्हटलं आहे. शब्द जरा संकोचाचा आहे, पण अचूक आहे.

त्या काही मिलीग्रॅमसाठी पाच लाख माद्या लागल्या.

हा आकडा मी वहीत लाल शाईने लिहिला आहे. पुढे जे काही चांगलं झालं त्याची ही मागील बाकी, आणि ती पुसता येणार नाही. मात्र लिहिताना हात आखडला, कारण हिशेब करायचा तर पूर्ण करावा लागतो. एका जड शालूला पाच हजार कोश धरले तर पाच लाख म्हणजे शंभर शालू. आपल्या समाजातल्या एका बऱ्यापैकी लग्नात शंभर शालू सहज दिसतात. बुटेनांटांना नावं ठेवण्याआधी मी माझं कपाट उघडून पाहिलं, एवढंच सांगते.

त्यानंतर मात्र एवढे जीव लागेनासे झाले. नराची मिशी तारेला जोडायची आणि तिच्यावर वास सोडायचा. ओळखीचा असेल तर मिशीतून विजेचा सूक्ष्म झटका उमटतो, अशी युक्ती निघाली. तीच वापरून न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथले वेंडेल रोलॉफ्स यांनी 1971 मध्ये कॉडलिंग पतंगाचा कामगंध ओळखला. तो कारखान्यात बनू लागला आणि मग पतंगाची गरजच उरली नाही.

त्याचा उपयोग दोन तऱ्हांनी होतो, आणि आपल्या दृष्टीने त्या दोहोंत पुष्कळ अंतर आहे. पहिली तऱ्हा सापळ्याची. डबीत वास ठेवायचा, तळाला चिकट कागद. नर येतो, चिकटतो, मरतो. आपल्याकडे हरभऱ्यात घाटेअळीसाठी हेक्टरी पाच सापळे लावायला सांगतात ते याच जातीचे. हे सापळे मुख्यतः मोजणीसाठी असतात. पाच-सहा नर मरतात, पण 'आज फवारणीची गरज नाही' हे त्यावरून कळतं.

दुसरी तऱ्हा गोंधळाची. कॅलिफोर्नियातले हॅरी शोरी आणि त्यांचे सहकारी यांनी 1967 मध्ये कोबीवरच्या पतंगावर ती करून दाखवली. हवेत सगळीकडेच मादीचा वास भरून टाकला तर नराला खरी मादी सापडणार कशी? मीलन होत नाही, अंडी पडत नाहीत, अळी जन्मतच नाही. 1978 मध्ये ही पद्धत अमेरिकेत कापसाच्या गुलाबी बोंडअळीवर बाजारात आली, ज्या बोंडअळीने 2017 मध्ये आपल्या विदर्भ-मराठवाड्याला रडवलं तीच. सफरचंदासाठी 1991 मध्ये परवानगी मिळाली. प्लॅस्टिकच्या बारीक नळ्या, आत कामगंध, बाजूला तार. वसंतात पतंग बाहेर पडण्याआधी झाडांच्या शेंड्याकडे एकरी चारशे नळ्या अडकवायच्या आणि हंगामभर त्यांतून वास झिरपू द्यायचा.

यातली खरी अडचण शेजाऱ्याची निघाली. तुमच्या बागेत नर गोंधळले, पण शेजारच्या बागेत मीलन झालेली मादी उडत येऊन तुमच्याकडे अंडी घालते. तिला अडवणारा वास नाही. म्हणून 1995 ते 1999 या काळात वॉशिंग्टन, ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियात सरकारी संशोधकांनी आणि विद्यापीठांनी शेजारी-शेजारी बागायतदारांना एकत्र आणलं. चेलानजवळच्या हॉवर्ड फ्लॅट इथे सुमारे 1200 एकर एकाच वेळी नळ्यांखाली आणले. उग्र फवारण्या सुमारे तीन चतुर्थांशाने कमी झाल्या. सगळं गोड झालं असं नाही. फवारणी थांबल्यावर पानं गुंडाळणाऱ्या अळ्यांनी काही ठिकाणी डोकं वर काढलं, आणि पतंग फार माजलेल्या बागेत नुसत्या वासाने भागत नाही, औषध मारावंच लागतं. पण 2012-13 च्या सुमारास अॅझिनफॉस बंद झालं तेव्हा बागा उघड्या पडल्या नाहीत, त्याला मोठा आधार या नळ्यांचा होता.

माद्यांसाठीही पुढे एक वास सापडला. 2001 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डग्लस लाइट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पिकलेल्या नासपतीच्या वासातला एक घटक नर-मादी दोघांनाही ओढून आणतो. 1930 च्या दशकातले शेतकरी मळीचं आंबवण भांड्यात भरून झाडाला टांगायचे, त्यामागेही हाच अनुभव होता.

हे सगळं मी माझ्या नणंदबाईंना वाचून दाखवलं. त्या नेमाच्या पक्क्या. ऐकून म्हणाल्या, "वहिनी, मारलं नाही हे खरं. पण रात्रभर त्याला नसलेल्या मादीमागे फिरवलं, हा मायाचार नाही का?"

मी म्हटलं, "वन्सं, शेतकऱ्याच्या हातून घडते ती उद्योगी हिंसा, आणि श्रावकाने ती जमेल तेवढी कमी करायची. सोमलाने सगळंच मरत होतं, मधमाशीसुद्धा. इथे एकाच जातीचा पतंग फसतो, आयुष्य सरलं की आपल्या मरणाने मरतो, आणि बाकीच्यांना धक्का लागत नाही. जी अळी जन्मलीच नाही तिला मारल्याचा दोष मी धरत नाही."

"आणि फसवल्याचा?"

तो मी धरते. वहीत लिहिलाही आहे, फक्त रकमेचा रकाना मोकळा ठेवला आहे. वन्संना एवढ्याने समाधान नाही. दशलक्षणात उत्तम आर्जवाच्या दिवशी प्रवचन झालं की हा प्रश्न पंडितजींपुढे ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं आहे, आणि वही घेऊन मीही बरोबर यायचं आहे.