सोडवणूक आणि तिचे मोल : अमीनोत्तर युगांडा (१९७९–१९८६)

स्वाहिली भाषेत ‘उकोंबोझी’ हा शब्द मुक्ती या अर्थी योजिला जातो. ज्या ‘कोंबोआ’ धातूपासून तो सिद्ध झाला, त्याचा एक अर्थ मोल देऊन सोडविणे, गहाण पडलेली वस्तू परत मिळविणे असा आहे. मराठीतील ‘सोडविणे’ या क्रियापदातही हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. टांझानियाच्या सैन्याने १९७९ मध्ये युगांडास इदी अमीनच्या राजवटीतून सोडविले. त्या सोडवणुकीचे मोल कोणास व कसे द्यावे लागले, हा तिच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

अमीनने जानेवारी १९७१ मध्ये मिल्टन ओबोटे यांस पदच्युत करून सत्ता बळकावली. १९७२ मध्ये त्याने आशियाई रहिवाशांस ९० दिवसांत देश सोडण्यास फर्माविले. त्यांत गुजराती व्यापाऱ्यांप्रमाणेच सरकारी कचेऱ्यांतून नोकरी करणारे गोमंतकीयही होते. त्यांची दुकाने व कारखाने बव्हंशी लष्करी अधिकारी व त्यांचे हस्तक यांच्या पदरी पडले, आणि टंचाईतून ‘मागेंदो’ म्हणजे काळा बाजार फोफावला. ऑक्टोबर १९७८ च्या अखेरीस अमीनच्या सैन्याने कागेरा नदीच्या उत्तरेकडील टांझानियाचा मुलूख व्यापला. राष्ट्राध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे यांनी तो परत घेतला. परंतु तेवढ्यावर न थांबता सैन्य युगांडात घातले. ११ एप्रिल १९७९ रोजी राजधानी कंपाला पडली. नागरिकांनी विजयी सैन्याचे स्वागत केले, आणि पाठोपाठ शहरात सर्रास लुटालूट झाली.

नव्या शासनाचा पाया कंपाला पडण्यापूर्वी जेमतेम पंधरवडाभर आधी घातला गेला होता. मार्च १९७९ मध्ये टांझानियातील मोशी येथे वीसहून अधिक निर्वासित गटांची परिषद भरली, आणि युसुफ लुले यांची संयुक्त आघाडीच्या अध्यक्षपदी निवड झाली. अमीनचा विरोध हाच या गटांस जोडणारा दुवा होता. अमीन पळून जाताच तो दुवाही तुटला. नेमणुका करण्याचा अधिकार अध्यक्षांचा की सल्लागार मंडळाचा, या वादात लुले यांस अवघ्या ६८ दिवसांत पद सोडावे लागले. त्यांच्या जागी आलेले गॉडफ्री बिनाइसा यांनी मे १९८० मध्ये सरसेनानींच्या हाताखालील प्रमुख अधिकारी ओयिटे-ओजोक यांस दूर करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा लष्करी आयोगाने बिनाइसांनाच दूर केले. टांझानियाचे सैन्य त्या वेळी देशात होते. तथापि त्याने हे सत्तांतर रोखले नाही. राज्य कोणाचे, याचा निर्णय शस्त्रे कोणाच्या हाती आहेत यावरच पुन्हा ठरू लागला.

शस्त्रांची विल्हेवाट हा तर याहून बिकट प्रश्न होता. अमीनचे सैनिक पळून गेल्यावर करामोजा प्रांतातील मोरोटो येथील छावणीचा शस्त्रसाठा स्थानिक पशुपालकांच्या हाती पडला. पूर्वी भाल्यांनी होणारे गुरांचे हल्ले आता बंदुकांनी होऊ लागले. अनावृष्टीस या अराजकाची जोड मिळून १९८० मध्ये तेथे भीषण दुष्काळ पडला. वायव्येकडील वेस्ट नाइल हा अमीनचा मूळ प्रदेश. तेथे नव्या सैन्याने सूड उगविला, आणि असंख्य लोक सुदान व झाईर या देशांत आश्रयास गेले. जुने सैन्य नष्ट झाले, तरी एखाद्या जमातीस तिच्यातील शासकाच्या अपराधाबद्दल शासन करण्याची त्याची रीत नव्या सैन्याने उचलली.

डिसेंबर १९८० च्या निवडणुकीत ओबोटे यांचा पक्ष विजयी झाल्याचे जाहीर झाले. विरोधकांनी तो निकाल मानला नाही. ६ फेब्रुवारी १९८१ रोजी योवेरी मुसेवेनी यांच्या अनुयायांनी काबांबा येथील लष्करी केंद्रावर हल्ला चढविला, आणि नवे युद्ध सुरू झाले. लुवेरो परिसरातील शेतकऱ्यांस त्याची झळ सर्वाधिक पोहोचली. जुलै १९८५ मध्ये ओबोटे यांस त्यांच्याच सेनापतींनी दुसऱ्यांदा पदच्युत केले, आणि जानेवारी १९८६ मध्ये मुसेवेनी यांच्या सैन्याने कंपाला घेतली.

अमीनची राजवट चालू राहणे इष्ट होते, असा निष्कर्ष या घटनाक्रमातून निघत नाही. आफ्रिकी ऐक्य संघटनेच्या १९७९ च्या मन्रोव्हिया बैठकीत न्येरेरे यांच्यावर टीका करणाऱ्यांनी अमीनच्या बळींस कोणता मार्ग मोकळा होता, हे सांगितले नाही. परंतु हुकूमशहास घालविणे आणि त्याने मोडलेली राज्यसंस्था उभारणे ही दोन भिन्न कामे होत. पहिले काम टांझानियाच्या सैन्याने सुमारे सहा महिन्यांत उरकले. दुसऱ्यासाठी लागणारा परस्परविश्वास कोणतेही सैन्य बाहेरून आणू शकत नव्हते. आणि तो नसल्याचे मोल युगांडातील ज्या लोकांनी दिले, त्यांपैकी बहुतेकांस मोशीच्या परिषदेत स्थान नव्हते.