कॉकपिटमध्ये शिरायचं कसं? जुहूच्या ‘मॉथ’पासून भिवंडीच्या ट्रकपर्यंत

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, त्याच तारखेला त्यांनी तोच प्रवास ‘लेपर्ड मॉथ’ या जुन्या, एका इंजिनाच्या छोट्या विमानातून पुन्हा केला, हे फार जणांना आठवत नाही. तेव्हा त्यांचं वय होतं ७८. त्या वयात विमान चालवणं कौतुकाचं आहेच. पण रोज गुडघे आणि कंबरा तपासणाऱ्या माझ्यासारख्याला आधी वेगळाच प्रश्न पडतो: त्या अरुंद जागेत शिरायचं, तासन्‌तास बसायचं आणि पुन्हा बाहेर यायचं, हे शरीर कसं करत असेल?

जेआरडींना वैमानिकाचा परवाना मिळाला फेब्रुवारी १९२९ मध्ये. त्या काळी फ्लाइंग क्लबांमध्ये शिकवायला उघड्या कॉकपिटची, दुहेरी पंखांची मॉथ विमानं असत. त्यात चढायला दार नाही, जिना नाही. खालच्या पंखावर पाय ठेवून चढायचं, तेही विमानाच्या अंगालगतच्या मजबूत केलेल्या पट्टीवरच. कारण बाकीचा पंख म्हणजे लाकडी सांगाड्यावर ताणलेलं कापड. पाय चुकला की आरपार. मग एका पायावर तोल सांभाळत दुसरा पाय कडेवरून आत टाकायचा आणि पाय पुढे सरकवत हळूहळू खाली बसायचं. कडेला छोटी झडप असे, ती उघडल्यावर थोडं सोपं जाई.

यात शरीराचं काय होतं पाहा. एका पायावर सगळा भार, दुसऱ्या बाजूचा खुबा पूर्ण दुमडलेला, आणि कंबर एकाच वेळी वाकलेली आणि पिळलेली. मणक्यांमधल्या चकत्यांना नुसतं वाकणं फारसं जड जात नाही. वाकणं आणि पिळणं एकत्र आलं की त्रास होतो. विशीतल्या तरुणाला हे जाणवतही नाही. (१९३६ मध्ये लाहोरला सरला ठकराल यांनी साडी नेसून असं विमान चालवलं होतं. साडी सावरत त्या आत कशा शिरल्या असतील, याचंही मला कुतूहल आहे!)

खरी अडचण मात्र बाहेर पडण्याची होती. जुन्या मॉथमध्ये पुढच्या कॉकपिटच्या अगदी डोक्यावर वरचा पंख आणि त्याचे खांब येत. पाठीला पॅराशूट बांधलेल्या माणसाला संकटात तिथून निसटणं कठीण. ब्रिटिश हवाई दलाला प्रशिक्षणासाठी विमान हवं होतं, तेव्हा हा मुद्दा ऐरणीवर आला. डी हॅविलंड कंपनीने वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला आणि तोल जाऊ नये म्हणून पंख मागे कलते केले. त्यातून १९३१ मध्ये ‘टायगर मॉथ’ तयार झालं. माणसाला बाहेर पडता यावं म्हणून विमानाचा आकार बदलला! पुढे आपल्याकडच्याही कित्येक वैमानिकांनी याच विमानावर धडे गिरवले.

जेआरडींचं १९३२ चं ‘पुस मॉथ’ आणि नंतरचं ‘लेपर्ड मॉथ’ ही बंद केबिनची विमानं. पंख वर, दार त्याखाली. पंखावर चढायची गरज संपली आणि आत शिरण्याची रीतही बदलली. अशा दारातून आधी बूड सीटवर टेकवावं, मग पाय आत घ्यावेत. गुडघा बदललेल्या रुग्णांना मोटारीत बसण्याची हीच पद्धत आम्ही शिकवतो. सीट आधी पूर्ण मागे सरकवायची, सीटकडे पाठ करून बसायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत वळवायचे, म्हणजे गुडघ्याला पीळ बसत नाही. खुबा बदलला असेल तर सीट फार खोल नको. त्यावर घट्ट उशी ठेवावी.

भिवंडीत माझ्यासमोर वैमानिक क्वचितच येतात, ट्रकचालक येतात. ट्रकची केबिन मात्र कॉकपिटसारखीच: पायरी उंच, दार अरुंद आणि आत तासन्‌तास एकाच जागी बसणं. चढताना फारसं कुणाला काही होत नाही. गोदामासमोर गाडी लावली की बरेच जण दार उघडून सरळ खाली उडी मारतात, आणि घोटे मुरगळतात ते तिथे. पाच-सहा तास बसल्यावर मांडीचे आणि खुब्याचे स्नायू आखडलेले असतात, पाय बधिर असतात, आणि उडीत शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार गुडघ्यांवर येतो.

म्हणून उतरण्याआधी सीटवरच अर्धा मिनिट घोटे वर-खाली हलवा, गुडघे सरळ करा. मग शिडीवरून उतरतो तसं तोंड गाडीकडे ठेवून उतरा. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले हवेत; म्हणजे हातात मोबाइल किंवा डबा नको. खाली पाय टेकल्यावर चक्कर आल्यासारखं वाटलं तर दांडा सोडू नका, क्षणभर तिथेच थांबा. आणि लांबच्या फेरीनंतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर मालीश करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तिथे रक्ताची गुठळी असू शकते.